भाजीच्या मोलाचे नाव

लांब केसांच्या रापुंझेलची जर्मन गोष्ट आता आपल्याकडच्या मुलांनाही पाठ असते. उंच मनोरा, त्यात कोंडलेली मुलगी आणि तिची खाली सोडलेली वेणी. पण या नावाचा अर्थ सहसा कोणी विचारत नाही. तो अगदी आपल्या परसातला आहे. रापुंझेल ही चक्क पालेभाजी आहे!

जर्मन भाषेत दोन वनस्पतींना हे नाव आहे. एकीला निळी, घंटेसारखी फुले येतात. तिचे मूळ आणि पाला दोन्ही खातात. दुसरी जमिनीलगत वाढणारी, कडाक्याच्या थंडीत तग धरणारी. आपल्या गव्हात चाकवत न पेरता उगवतो, तशी ती तिकडच्या धान्याच्या शेतात उगवे. तिची पाने कच्चीच, कोशिंबिरीसारखी खातात.

ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या संग्रहात ही गोष्ट आहे. एका गरोदर बाईला शेजारच्या बागेतल्या या भाजीचे डोहाळे लागतात. बाग असते जादूगारणीची. नवरा भिंत चढून भाजी चोरतो. दुसऱ्या खेपेस सापडतो आणि भीतीपोटी होणारे मूल देऊ करतो. बायकोला विचारतसुद्धा नाही. मूल जन्मताच जादूगारीण येते, त्याचे नाव रापुंझेल ठेवते आणि घेऊन जाते. आपल्याकडे बारशाला आत्या नाव ठेवते. इथे सावकारीणच नाव ठेवून गेली!

गोष्ट याहूनही जुनी आहे. नेपल्सच्या बासिले यांच्या गोष्टी त्यांच्या पश्चात १६३४ पासून छापल्या गेल्या. त्यांत या मुलीचे नाव पेत्रोसिनेल्ला आहे. ते पार्सलीवरून पडले. ही पार्सली म्हणजे आपल्या कोथिंबिरीच्या कुळातली, दिसायलाही तशीच. त्या मुलीच्या छातीवर जन्मतःच पार्सलीच्या डहाळीची खूण होती. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच लेखिका ला फोर्स यांनी तिला पेर्सिनेत केले. तेही पार्सलीच. १७९० साली शुल्त्स यांनी गोष्ट जर्मनमध्ये आणली, तेव्हा भाजी बदलली आणि मुलगी रापुंझेल झाली.

आपल्याकडेही शेवंता, तुळसा, जाई अशी नावे आहेत. पण ती लाडाने ठेवलेली. रापुंझेल हे नाव म्हणजे व्यवहाराची पावती. किती भाजीच्या बदल्यात आपल्याला दिले, ते त्या पोरीने जन्मभर नावात वागवायचे.

गोष्ट सांगताना बायका आईच्या जिभेला दोष देतात. मला ते पटत नाही. पोटुशी बाईला हिरव्या पाल्याची ओढ लागली, यात वावगे काय? पालेभाजीतले फोलेट तिला आणि बाळाला हवेच असते. मूल कबूल केले ते दुसऱ्याने, तिला न विचारता.

थोरांचा हिशेब पोरीच्या नावात उतरावा, हे आपल्याकडेही घडले आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून तिला 'नकुसा' म्हणायचे. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींनी एका समारंभात नवी नावे घेतली. मनोऱ्यातल्या पोरीला कोणी हे विचारले नाही. या मुलींना विचारले गेले, आणि कित्येकींनी आपले नाव स्वतःच निवडले.