नॉटिंगहॅम : शिशाच्या शिपायांचं गाव

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून निघालेली गाडी पावणेदोन तासांच्या आसपास नॉटिंगहॅमला पोहोचते. बहुतेक पर्यटक इथे रॉबिन हूडसाठी येतात. किल्ल्याच्या पायथ्याशी त्याच्या पुतळ्याबरोबर फोटो काढतात, वालुकाश्मात खोदलेल्या गुहा बघतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. पण या गावी येणाऱ्यांचा आणखी एक पंथ आहे. त्याला रॉबिन हूडशी फारसं देणंघेणं नसतं. ही मंडळी येतात ती अंगठ्याच्या पेराएवढ्या शिपायांसाठी.

हा छंद आपल्याकडे अजून फारसा माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मोठ्या टेबलावर टेकड्या, झाडं, घरं मांडायची. दोन्ही बाजूंनी रंगवलेले छोटे शिपाई उभे करायचे. मग फासे, मोजपट्टी आणि नियमांचं पुस्तक घेऊन लढाई खेळायची. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने १९१३ मध्ये या खेळाच्या नियमांचं 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तकच लिहिलं होतं. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडलेल्या कोणालाही यातली गंमत लगेच कळेल. फरक एवढाच, की इथे चाळिशी-पन्नाशीची माणसंही किल्ला मोडायला तयार नसतात.

नॉटिंगहॅमचा यात संबंध आला तो १९७९ पासून. त्या वर्षी जवळच्याच नेवार्क गावात ब्रायन अ‍ॅन्सेल आणि 'गेम्स वर्कशॉप' यांनी मिळून 'सिटाडेल मिनिएचर्स' सुरू केली. पुढे १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' हा खेळ आला आणि गेम्स वर्कशॉपचा मुक्काम नॉटिंगहॅममध्ये पक्का झाला. तिथे काम शिकलेल्या कारागिरांनी आजूबाजूला आपापले उद्योग काढले. पेरी मिनिएचर्स, वॉरलॉर्ड गेम्स, मँटिक गेम्स ही सगळी याच परिसरातली नावं. म्हणून या भागाला गमतीने 'लेड बेल्ट', म्हणजे शिशाचा पट्टा म्हणतात.

कंपनीच्या कामासाठी मी काही महिने या शहरात होतो. लेंटन भागातलं 'वॉरहॅमर वर्ल्ड' तेव्हा सुट्टीच्या दिवशी जाण्याचं ठिकाण झालं. बाहेर स्पेस मरीनचा भलाथोरला पुतळा आणि आत काचेआड हजारो शिपायांची युद्धदृश्यं. नवीन शिपाई बहुतेक प्लास्टिकचे आहेत. पण मी रेंगाळायचो ते जुन्या, धातूच्या शिपायांपाशी. ते माणसाच्या हाताने घडले आहेत हे बघताक्षणी कळतं. एकाचा डोळा किंचित तिरका, दुसऱ्याच्या झग्याची घडी जरा जास्तच जाड.

हे शिपाई बनतात कसे? आधी मूर्तिकार तारेचा सांगाडा वाकवतो. त्यावर 'ग्रीन स्टफ' नावाची पुट्टी चढवतो. एक पट्टी पिवळी, एक निळी. दोन्ही एकत्र मळल्या की हिरवा गोळा तयार होतो. तास-दीड तास तो हाताखाली वळतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत टणक होतो. डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर उंचीच्या त्या देहावर मूर्तिकार सुईच्या टोकाने बटणं आणि बोटं काढतो. मग ही मूर्ती रबराच्या दोन चकत्यांमध्ये दाबून तापवली की साचा तयार होतो. तो वॉशिंग मशीनच्या ड्रायरसारखा गरगर फिरवत मध्यभागी वितळलेला धातू ओततात. फिरण्याच्या जोराने धातू कानाकोपऱ्यात पोहोचतो. पूर्वी या धातूत शिसं भरपूर असायचं. नव्वदच्या दशकात त्याची जागा मुख्यतः कथलाच्या मिश्रधातूने घेतली, पण 'लेड बेल्ट' हे नाव तसंच राहिलं.

या गावातल्या एका कारागिराबद्दल सांगायलाच हवं. मायकेल आणि अ‍ॅलन पेरी हे जुळे भाऊ सुरुवातीच्या काळापासून या धंद्यातले नावाजलेले मूर्तिकार. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या क्रेसी इथे जुन्या लढाईचं प्रात्यक्षिक चालू असताना तोफेच्या अपघातात मायकेल यांचा उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने पुन्हा मूर्ती घडवायला शिकून घेतलं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांवर आधारलेले शिपाई नंतर आले, आणि त्यातले कितीतरी या दोघा भावांच्या हातचे आहेत.

आता मूळ मुद्दा. विकत घेतलेला शिपाई जसाच्या तसा ठेवायलाच हवा असं नाही. त्याला कापून, वाकवून, पुट्टी लावून दुसराच माणूस करता येतो. याला 'कन्व्हर्जन' म्हणतात. हत्यारं साधीच लागतात : सोनाराची बारीक करवत, कानशी, पक्कड, हाताने फिरवायचं ड्रिल. धातूचे दोन तुकडे नुसत्या गोंदाने टिकत नाहीत, वजनाने सुटतात. म्हणून दोन्हीकडे एक मिलिमीटरचं भोक पाडून आत पितळी तारेचा तुकडा बसवतात आणि मग सुपरग्लू लावतात. प्लास्टिकपेक्षा हे काम कष्टाचं आहे. पण धातूचा हात सावकाश वाकवता येतो, कानशीने चेहरासुद्धा बदलता येतो.

मला हवा होता मराठा घोडेस्वार. मनासारखा मिळेना, म्हणून एक जुना उस्मानी तुर्क स्वार घेतला. अंगरखा चालण्यासारखा होता, पण डोक्यावरचं पागोटं कांद्यासारखं गोल. ते कानशीने पार घासून टाकलं. भाल्यासाठी पितळी तारेचं टोक हातोडीने ठोकून चपटं केलं, त्याला पानाचा आकार दिला आणि मुठीत भोक पाडून तार ओवली. जिनाच्या जागी पुट्टीचं खोगीर चढवलं आणि टूथपिकने दाबून त्यावर शिवणीचे टाके उमटवले.

पागोट्यापाशी मात्र अडलो. चित्रात ते समोरून दिसतं, मागून कसं असतं? पीळ कुठे सुरू होतो आणि टोक कुठे खोचतात? शेवटी ग्वाल्हेरला आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी खांद्यावरचा पंचा घेतला आणि स्वतःच्याच डोक्यावर बांधून दाखवला. म्हणाले, "अरे, आधी पीळ घट्ट घे, मग गुंडाळ. सैल पागोटं घोड्यावर दोन मिनिटं टिकायचं नाही." मी पुट्टीच्या दोन बारीक वळ्या केल्या, आधी एकमेकींत पिळल्या आणि मग डोक्याभोवती गुंडाळल्या. तेव्हा कुठे तो स्वार आपला वाटायला लागला.

तिथल्या खेळगड्यांना नेपोलियनच्या पलटणींच्या कॉलरचे रंगही पाठ असतात. आपल्या लढायांमधली त्यांना सर्वात ओळखीची म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ ची असईची. आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनजवळ, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी वेलस्ली लढला. पुढे तोच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, म्हणून ही लढाई टेबलावर वारंवार खेळली जाते. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा आणि तोफखान्याचा तिथे मान राखला जातो. पण मला भेटलेल्या खेळगड्यांसमोर आधार होता तो मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचा. "तुमच्याकडे शेला नक्की कसा बांधतात?" असं त्यांनी मला विचारलं, आणि मला पुन्हा ग्वाल्हेरलाच फोन करावा लागला.

आता कॉम्प्युटरवर मूर्ती घडवून थ्रीडी प्रिंटरने छापता येते. ते मला माझ्या कामामुळे सोपंही पडेल. पण स्क्रीनवरच्या पागोट्यालाही पीळ द्यावाच लागतो, आणि तो कसा असतो हे माहीत असलेली माणसं आपल्याच घरांत आहेत. ती ऐंशीच्या पुढे गेली आहेत. दसऱ्याला पूजेत ठेवलेल्या तलवारीची मूठ कशी धरायची, जुन्या फोटोतल्या पणजोबांच्या अंगरख्याचे बंद कुठल्या बाजूला आहेत, हे त्यांना आत्ताच विचारून घ्यायला हवं.

ज्यांना करून बघायचं असेल त्यांनी सुरुवात एखाद्या स्वस्त शिपायाचं डोकं बदलण्यापासून करावी. पुट्टी हत्याराला चिकटू नये म्हणून टोक पाण्यात बुडवत राहावं. जुना, शिशाचा शिपाई असेल तर ओली कानस वापरावी, तोंडाला मास्क लावावा, लहान मुलांना दूर ठेवावं आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. आणि पागोटं करायला घेण्याआधी घरी एक फोन करावा.