सहाणेची तपासणी

माणदेशातल्या गलाईवाल्यांच्या घरी तान्ही बाळं फार लवकर प्रवासाला लागतात. पावसाने हात आखडला म्हणून आटपाडी, खानापूर, माणची माणसं जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पांगली. बाळंतपण मात्र माहेरी. मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ बापाच्या भट्टीच्या गावाला निघतं. पूर्वी मिरजेला जाऊन रेल्वे धरायची, आता पुण्याहून विमान. माझी नात कोचीला निघाली तेव्हा लेकीच्या सोबतीला मी गेले.

पहिला अडला तो ओटीचा नारळ. हातातल्या सामानात नारळ चालत नाही. 2024 च्या हंगामात शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ सोबत नेण्याची सवलत मिळाली होती. सासरी निघालेल्या लेकीला कोण देणार? नारळ बाहेर उभ्या मामाच्या हाती परत गेला. नाहीतरी केरळात नारळ नेतोय म्हणून जावई वर्षभर हसले असते.

दोन वर्षांखालच्या मुलाला विमानात वेगळी खुर्ची नसते, ते मांडीवर बसतं. तपासणीतून मात्र त्याची सुटका नाही. पडद्याआड महिला जवानाने लेकीला तपासलं, मग हातातलं यंत्र नातीच्या दुपट्यावरून फिरवलं. पायाशी येताच ते कुईं करून ओरडलं. वाळे! बापानेच गाळलेल्या चांदीचे. करगोटा, गालावरची तीट, हा आमचा बंदोबस्त मात्र यंत्राला कळला नाही.

आटपाडीजवळच स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने 1939 साली तिथे कैद्यांची खुली वसाहत वसवली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची ती कल्पना. भिंत नाही, गज नाहीत. शिक्षा झालेली माणसं शेती करत. त्यावरून आमच्या शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. खुन्याला जिथे कुलूप नाही, तिथल्या पोरीचे वाळे तपासायचे, याचं मला आधी हसू आलं. पण कैद्यावर भरवसा टाकायला त्याच्यासोबत एक पेरणी, एक सुगी तरी काढता येते. इथे विमान सुटायला तास राहिलेला असतो आणि माणूस सगळा अनोळखी. डिसेंबर 1999 मध्ये कंदाहारला पळवून नेलेल्या विमानातल्या लोकांचे ते आठ दिवस आठवले, की पडद्याआड पुन्हा जायलाही माझी ना नाही. त्यानंतरच, 2000 पासून, विमानतळ एकेक करून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आले.

खरा खोळंबा बाळगुटीच्या पिशवीने केला. क्ष-किरणांच्या पडद्यावर वनस्पती नारिंगी दिसतात, धातू निळा. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, खारीक सगळं नारिंगी पसरलेलं आणि मधोमध गडद गोल चकती. पिशवी बाजूला निघाली.

“ये पत्थर किसलिए?”

“बच्चे की दवा घिसने के लिए,” लेक म्हणाली, आणि हवेतच दोन वळसे उगाळून दाखवले.

जवान बाईने वेखंडाचा तुकडा नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं, हसली. मग हळूच विचारलं, पोट फुगल्यावर याचं काय करायचं? लेकीने बेंबीभोवती लेप कसा लावतात ते सांगायला घेतलं. किती उगाळायचं, दुधात की पाण्यात, पोटात द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचार. मागे पट्टा हातात धरून उभा असलेला माणूस आपल्या ट्रेसाठी तिसऱ्यांदा खाकरला.