आणि बाईंचं?

मृत्युपत्राचा विषय आमच्या घरात यांनीच काढला. धाकट्या दिरांचं अचानक निधन झालं आणि जाऊबाईंची वारस दाखल्यासाठी कोर्टात नि बँकेत झालेली वणवण यांनी जवळून पाहिली होती. घर दिरांच्या एकट्याच्या नावावर. म्हणजे जाऊबाई, दोन मुलं आणि ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई, असे चौघं सारखे वाटेकरी. मुलगा मागे काही न लिहिता गेला तर त्याच्या मिळकतीत आईलाही सुनेइतकाच वाटा असतो, हे तोवर आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईंना त्यातलं काही नको होतं. तरीही हक्कसोडपत्रावर अंगठा द्यायला त्यांना रिक्षात घालून दुय्यम निबंधकांच्या कचेरीत न्यावं लागलंच. पोटच्या पोराच्या घरावरचा हक्क सोडताना त्या म्हातारीला काय वाटलं असेल, ते विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

तर आम्ही वकिलांकडे गेलो. गावची जमीन वडिलोपार्जित; ती अख्खी लिहून देता येणार नाही, यांच्या हिश्श्यापुरतंच लिहिता येईल, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. साताऱ्यातला फ्लॅट यांच्या कमाईचा, तो यांना हवा त्याला देता येईल. यांनी मनाशी ठरवलं होतं: फ्लॅट मुलाला आणि मला हयातभर राहण्याचा हक्क. मी म्हटलं, "अहो, म्हणजे तुमच्यामागे मी पाहुणी का?" मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण उद्या मोठं आजारपण निघालं आणि घर विकायची वेळ आली, तर नुसत्या राहण्याच्या हक्कावर कोण पैसे देणार? हे थोडा वेळ गप्प बसले. मग वकिलांना म्हणाले, "लिहा, पूर्ण मालकीने पत्नीला."

कागद बाजूला सारत वकिलांनी विचारलं, "आणि बाईंचं?"

हे हसले. "हिचं काय आहे?"

मी मोजायला लागले. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात शिकवलं, त्याचा फंड आणि ग्रॅच्युइटी बँकेत ठेवलेली. थोडे पैसे पोस्टात. कोडोलीला घेतलेला प्लॉट माझ्या एकटीच्या नावावर. पाटल्या, मोहनमाळ, आईची ठुशी. मोजणी संपेस्तोवर यांचं हसू मावळलं होतं. भांडण नाही हो, पण इतकी वर्षं एका घरात राहूनही त्यांनी ही बेरीज कधी केली नव्हती, आणि खरं तर मीही नाही.

माझ्या डोळ्यांपुढे शाळेतली एक मैत्रीण होती. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला आणि म्हातारी आई तिच्याजवळच असायची. बँकेत नॉमिनी म्हणून तिने आईचं नाव लावलं होतं आणि निश्चिंत होती. ती गेल्यावर पैसे आईच्या हातात आले, पाठोपाठ दीर आणि नणंदेची नोटीस आली. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक वारसच. आणि हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मूल आणि नवरा नसलेल्या बाईने मृत्युपत्र केलं नसेल, तर तिच्या स्वतःच्या कमाईवर आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो, आईवडिलांचा नंतर. माहेरहून वारशाने आलेली मिळकत तेवढी माहेरी परत जाते. आयुष्यभर पगार आणला मुलीने, तिला जन्म दिला आईने, आणि रांगेत पुढे उभा दीर! हा कायदा मला पटत नाही. पण एका कागदाने तो बाजूला ठेवता येत होता, आणि तो कागद तिच्याकडून राहून गेला.

मुलांना बोलावून दोघांचंही वाचून दाखवायचं ठरवलं. मुलगा मोबाइल चाळत "तुम्हाला पटेल ते करा" म्हणाला. मुलगी मात्र सरळ बोलली: "आई, मला किती देताय ते सांगू नका. फक्त नंतर सही करायला बोलावू नका." मी माझ्या वडिलांमागे भावांना हक्कसोडपत्र दिलेलं तिला माहीत होतं. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात. नाही म्हणणाऱ्या बहिणीला दिवाळीत कोण बोलावतं, ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला खरा, पण त्या सहीचा आग्रह काही सुटला नाही. म्हणून मी प्लॉट तिच्या नावे लिहिला आणि कारणही दोन ओळींत लिहून ठेवलं. वकील म्हणाले, कारण लिहायची गरज नाही. मला होती.

बाकीचं काम अगदीच सोपं निघालं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, ते साध्या कागदावर चालतं. नोंदणी सक्तीची नाही. आम्ही केली, तिची फी १०० रुपये आणि वर पानांप्रमाणे थोडं शुल्क. फोटो, अंगठा, दोन साक्षीदारांच्या सह्या. आमच्या डॉक्टरांनी दोघंही शुद्धीवर आणि समजून-उमजून सही करत असल्याचा दाखला दिला, त्यावर हे म्हणाले, "हिच्याबद्दल मला शंका आहे." नोंदवलेलं मृत्युपत्रही हवं तेव्हा बदलता येतं आणि शेवटचं लिहिलेलं तेच खरं, त्यामुळे सूनबाईंनी अजूनही सुधारायला वाव आहे, असं मी गमतीने म्हणते.

बायांनो, नवऱ्याच्या मृत्युपत्रात आपलं नाव आहे एवढ्यावर थांबू नका. आपला फंड, आपलं सोनं, आपल्या नावावरची गुंठाभर जागा, जे असेल त्याचं वेगळं मृत्युपत्र करा. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार घेऊ नका, साक्षीदार शक्यतो वयाने आपल्याहून लहान बघा, आणि मूळ प्रत कुठल्या कपाटात आहे ते निदान एका माणसाला सांगून ठेवा.