खोळंब्याचा हिशेब

मनुष्याला पगार किती मिळावा, याविषयीं मीं आयुष्यांत पुष्कळ विचार केला आहे. प्राध्यापकाला महिनाअखेर दुसरा उद्योग तरी कोणता? पण पगार कोणत्या मापानें मोजावा, हा प्रश्न मला कधीं पडलाच नव्हता. तो पडला घरापासून हजारों मैल दूर, पश्चिम टेक्सासमधील मिडलंड गांवीं.

माझा भाचा तेथें एका लहानशा वाहतूक-कंपनीचे हिशेब पाहतो. एका सुटींत मी त्याच्याकडे गेलों होतों. मिडलंड हें पर्मियन खोऱ्यांतलें शहर. अमेरिकेंतील इतर कोणत्याहि प्रदेशापेक्षां अधिक तेल आज या खोऱ्यांतून निघतें. परंतु विहिरींतून नुसतें तेल येत नाहीं. त्याच्या कितीतरी पट खारें पाणी वर येतें. जेथें नळ घातलेले नाहींत तेथून तें टांकीच्या मोटारींत भरून, पुन्हां भूगर्भांत सोडण्यासाठीं खणलेल्या विहिरीपर्यंत न्यावें लागतें. एका खेपेला सुमारें १३० पिंपें. पिंप म्हणजे १५९ लिटर.

एके रात्रीं जेवणें झाल्यावर भाचा कागद पुढें घेऊन म्हणाला, "मामा, मालकांना सोमवारीं उत्तर द्यायचें आहे. ड्रायव्हरांना पगार तासावर द्यावा, खेपेवर द्यावा, कीं भाड्याच्या टक्क्यांवर? लांब पल्ल्याला मैलावर देतात. पण येथें वीस मैल जायचें आणि तीन तास रांगेंत उभें राहायचें!"

"खेपेवर दे," मीं तत्काळ निकाल दिला. "जो अधिक वाहील तो अधिक मिळवील. यापरता न्याय तो कोणता?"

बी. ए.ला अर्थशास्त्र घेतल्याचा हा परिणाम असावा. भाचा कांहीं बोलला नाहीं. सकाळीं मात्र मालकांची परवानगी काढून त्यानें मला एका मोटारींत ड्रायव्हरशेजारीं बसवून दिलें.

पाणी सोडण्याच्या विहिरीपाशीं अकरा मोटारी आमच्या पुढें होत्या. पंप बिघडला होता. ड्रायव्हर साठीचा गृहस्थ. त्यानें डबा खाल्ला, डोळे मिटले, उघडले. रांग जागची हालली नव्हती.

"पूर्वीच्या नोकरींत मी खेपेवर होतों," तो शांतपणें म्हणाला. "पंप माझा नव्हे, रांग माझी नव्हे, पण फुकट गेलेला वेळ माझा. तो मग रस्त्यावर भरून काढावा लागे."

माझें अर्थशास्त्र तेथेंच लटपटलें. अमेरिकेंत तेल आणि वायू काढणाऱ्या कामगारांच्या मृत्यूचें सर्वांत मोठें कारण वर्षानुवर्षें रस्त्यावरील अपघात हेंच ठरत आलें आहे. दोन विश्रांतींच्या मध्यें ११ तासांहून अधिक गाडी हांकूं नये, असें तेथील कायदा सांगतो. परंतु त्या ११ तासांत ती किती घाईनें हांकावी, हें ड्रायव्हरच्या पगाराचें माप ठरवितें.

त्या रांगेंत मला माझीं उमेदवारीचीं वर्षें आठवलीं. मी तेव्हां तासिका-तत्त्वावर शिकवीत असें. दोन तासिकांच्या मधला वेळ प्राध्यापकांच्या खोलींत बसून काढायचा. तो कोणीं मोजला नाहीं. तेवढी भर मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर काढीत असें, कारण त्यांचा मोबदला प्रतीमागें मिळे. एका वर्षीं एक मुलगा नापास झाला. फेरतपासणींत आढळलें कीं, त्याच्या पुरवणीचें पान मीं उलटलेंच नव्हतें. तो पास ठरला खरा, पण तोंवर पुढच्या प्रवेशाची मुदत टळून गेली होती.

रात्रीं मीं भाच्याला सांगितलें, "माझा कालचा निकाल रद्द समज."

"पण तासावर दिलें तर कांहीं लोक रेंगाळतील, मामा. कसबी माणसाचें कांहींच अधिक राहणार नाहीं."

तेंहि खरेंच होतें. मग आम्ही दोघांनीं मिळून मसुदा केला : पगार तासावर, खोळंबा धरून, वर्षभर अपघाताशिवाय काम करणाऱ्यास वेगळें बक्षीस, आणि पहिल्या तासानंतरच्या खोळंब्याचें बिल विहिरीच्या मालकाला. रांग लहान करणें ड्रायव्हरच्या हातीं नसतें. ज्याच्या हातीं तें आहे, त्याच्याच पदरीं तिचा खर्च पडला तर पंप लवकर दुरुस्त होतो.

मालकांनीं तो मसुदा स्वीकारला. पुढें भाच्याचें पत्र आलें, कीं सर्वांत वेगवान दोन ड्रायव्हर नोकरी सोडून गेले. त्यांची प्राप्ति खरोखरच घटली होती. कोणतेंहि माप सर्वांना न्याय देत नाहीं, हें मला मान्य आहे.

यंदाहि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर येऊन पडला आहे. मोबदला अजून प्रतीमागेंच आहे. पुरवणीचें पान उलटून पाहण्याबद्दल त्यांत वेगळें कांहीं मिळत नाहीं.