बाबांचा सकाळचा मेसेज

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे. पलीकडे यवतमाळ. दोन्हीकडे कापूस आणि दोन्हीकडे तीच धास्ती: गुलाबी बोंडअळी. बीटी बियाण्यालाही ती आता दाद देत नाही.

दसऱ्याला घरी गेलो होतो. रात्री दहाला शेतात जाऊन कामगंध सापळा पाहिला, तर रिकामा. सकाळी त्यात नऊ पतंग!

"दहा वाजता काय दिसन?" बाबा हसले. "ते बारा वाजल्यावर येते."

खरंच आहे. या पतंगाची मादी मध्यरात्रीनंतर गंध सोडते आणि नर त्या वासावर येतो. सापळ्यातल्या ल्यूरमध्ये त्याच गंधाची नक्कल असते. शास्त्रज्ञांनी तो १९७३ साली ओळखला: दोन जुळ्या रसायनांचं निम्मं-निम्मं मिश्रण.

बाबांनी कपाशीच्या पानांना ट्रायकोकार्डंही लावली होती. त्यातून निघणारी ट्रायकोग्रामा ही माशी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, म्हणजे अळी जन्मतच नाही. पण ही माशी दिवसा फिरते. मग रात्रीचा गंध तिच्या काय कामाचा?

याचं सुंदर उत्तर नेदरलँड्सच्या संशोधकांनी १९९१ मध्ये दिलं. कोबीवरच्या पतंगाचा गंध पानाच्या मेणचट थरात मुरतो आणि दुसऱ्या दिवशीही उरतो. ट्रायकोग्रामा तो हुंगते आणि तिथेच अंडी शोधते. रात्रीचा निरोप सकाळी वाचावा, तसं.

मी हे रंगात येऊन सांगत होतो. पण सलग तिसऱ्या सकाळीही आकडा आठच्या वर गेला. म्हणजे नियमाप्रमाणे फवारणी.

"बाबा, माश्या मरतील. दोन दिवस थांबा ना."

"बोंडं किडली तं कर्ज कोण फेडन?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंप मीच पाठीवर घेतला. नवी कार्डं औषधाचा असर ओसरल्यावर लावायची, एवढं मात्र त्यांनी कबूल केलं.

आता मी हैदराबादला आहे. माझे कॉल रात्री एकपर्यंत चालतात, बाबा पहाटे पाचला उठतात. फोनवर गाठ पडत नाही. पण रोज नऊला डोळे उघडतात तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा मेसेज आलेला असतो. फक्त एक आकडा. काल "३" होता.