दोन हात पॉलिशचे

नवरात्र संपून उन्हं कोरडी झाली की आमच्या घरात पॉलिशवाल्या मिस्त्रींची वाट पाहणं सुरू व्हायचं. भिंतींना रंग दर वर्षी परवडत नसे. पण दिवाळीआधी लाकडी सामानावर ‘दोन हात’ मारून घ्यायचे, हे आजोबांचं ठरलेलं होतं. सत्तरच्या दशकात पुण्याच्या पेठांत किंवा गिरगाव-दादरच्या चाळींत जे वाढले, त्यांना तो वास वेगळा सांगायला नको. स्पिरिटचा झणका आणि त्यामागून येणारा लाखेचा गोडसर दरवळ. शाळेतून येताना जिन्यातच कळायचं, मिस्त्री आलेत.

सामान तरी किती? आरशाचं कपाट, रेडिओचं टेबल, दोन खुर्च्या, पितळी कड्यांचा झोपाळा आणि देव्हारा. सगळं सागवानी. आजोबा अभिमानाने ‘सीपी सागवान’ म्हणायचे. सीपी म्हणजे इंग्रजांच्या वेळचा मध्यप्रांत. चांदा-बल्लारशाकडचं जंगल आम्हां भावंडांना भूगोलाच्या पुस्तकाआधी कपाटाच्या दारावर भेटलं.

मिस्त्री आदल्या संध्याकाळी येऊन चपडी भिजत घालायचे. मधाच्या रंगाचे, नखाएवढे पातळ पापुद्रे. लिटरभर स्पिरिटला साधारण दीडशे ग्रॅम. भांडं मात्र काचेचं किंवा चिनीमातीचं लागे, कारण पत्र्याच्या डब्यात ते काळवंडतं. आई लोणच्याची रिकामी बरणी द्यायची आणि ती पुन्हा लोणच्याला कधीच वापरली जायची नाही. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा राहतो, त्याच्या अंगातून पाझरलेली ही लाख, हे आजीनं सांगितलं तेव्हा धाकटी बहीण दोन दिवस कपाटाला हात लावेना. तीच लाख टपालाच्या पार्सलावरच्या मोहरेत, आजीच्या लाखेच्या बांगड्यांत आणि आत्यानं जपलेल्या जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांतही होती. एकदा आत्या तबकडी पुसायला मिस्त्रींकडे स्पिरिट मागायला गेली, तर ते हातातलं काम टाकून उठले. ‘ताई, स्पिरिट लावाल तर गाणं विरघळून जाईल.’

सकाळी काम सुरू होई ते काचकागदाने. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. आडवा हात मारलेला दिसला की मिस्त्री पोराच्या हातून कागद काढून घेत. मग ओरखडे. प्रत्येक ओरखड्याचा धनी घरात ठाऊक असायचा. टेबलावर दादानं कर्कटकानं कोरलेली स्वतःची आद्याक्षरं, कपाटाच्या पायाशी तिचाकी सायकलची धडक, झोपाळ्याच्या पाटावर सुपारी फोडल्याच्या खुणा. बारीक चरे काचकागदानेच जात. खोल खाचेत मिस्त्री लाख वितळवून भरत. सुरीचं पातं तापवायचं, लाखेची कांडी त्याला टेकवायची आणि थेंब नेमका खाचेत सोडायचा. लाकडाची रंध्रं भरायला खडूची पूड, तिच्यात चिमूट गेरू, चिमूट पिवडी. ती चिमूट किती, हे मोजून सांगता येत नाही. ते भिजवलेल्या पुडीचं बोट लाकडावर ओढून बघायचे, मान हलवायचे आणि आणखी कणभर गेरू टाकायचे.

वर्षभराची किरकोळ डागडुजी आईकडे. केसाएवढ्या चऱ्यावर ती सुक्या खोबऱ्याची वाटी चोळायची. खोबऱ्याच्या तेलानं उघडं पडलेलं लाकूड गडद होतं आणि चरा नजरेआड जातो. गरम कपाची पांढरी कडी उमटली तर उदबत्तीची राख खोबरेल तेलात कालवून हलक्या बोटानं घासायची. एकदा टेबलाच्या कडेला वरवंटा पडून खोचा आला, तेव्हा तिनं त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली. वाफेनं दबलेलं लाकूड फुगून वर आलं. पॉलिश तेवढं पांढरं पडलं आणि दिवाळीपर्यंत तिथे क्रोशाचा रुमाल राहिला.

पण खरं बघण्यासारखं काम बोळ्याचं. आजोबांच्या विरलेल्या धोतराचा तुकडा, आत कापूस, आणि वरून जवसाच्या तेलाचं एक बोट, म्हणजे बोळा चिकटत नाही. मिस्त्री तो मराठी चारच्या आकड्यासारखा फिरवत न्यायचे. पृष्ठभागावर टेकताना हात चालता, उचलताना हात चालता. बोळा थांबला की चिकटला, आणि खालचा थर उचकटला. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवून यायचा.

एका वर्षी वडिलांनी हट्टानं गणपतीआधीच पॉलिश करून घेतलं. पाहुणे यायचे होते. मिस्त्री नको म्हणत होते. बाहेर धार लागलेली. संध्याकाळपर्यंत कपाटाच्या दारावर दुधासारखं धुकं धरलं, कारण लाखेत हवेतली ओल अडकली. आम्हांला वाटलं, सगळं खरवडावं लागणार. ऊन पडल्यावर मिस्त्री आले, बोळा स्पिरिटमध्ये जेमतेम ओला केला आणि दारावरून वाऱ्यासारखा फिरवला. धुकं गेलं. खालची रेष न् रेष उजळली.

लाखेच्या पॉलिशचा हा गुण मला आजही थोर वाटतो. नवा हात जुन्याला थोडं विरघळवतो आणि दोन्ही मिळून एक थर होतो. जुनं खरवडून काढायची गरज पडत नाही. पुढे सनमायका आला. चांगल्या सागवानी टेबलांवर तो चिकटवून लोकांनी पुसायची सोय केली, त्यात घरातल्या बायकांचे कष्ट वाचले हे मी मनापासून मानतो. मग फवाऱ्यानं मारायचं मेलामाइन आलं. ते पाण्याला, कपाला दाद देत नाही. पण त्यावर ओरखडा पडला की बोळ्याचं काही चालत नाही. नवं जुन्यात मिसळतच नाही.

रेडिओचं टेबल वाटणीत माझ्याकडे आलं. यंदा दसऱ्यानंतर बहिणीला फोनवर विचारून विचारून मी चपडी भिजवली. लोणच्याचीच बरणी घेतली. सुती पंच्याचा बोळा केला. पॉलिश लावण्याआधी कोपऱ्यात, मागच्या बाजूला, नुसतं स्पिरिट टेकवून पाहिलं. फडक्यावर मधाच्या रंगाचा डाग आला. पन्नास वर्षांपूर्वी मिस्त्रींनी मारलेला हात होता तो.