खंडाळ्याची मालविका

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त दोन नृत्याचार्यांचं भांडण लागतं. गणदास श्रेष्ठ की हरदत्त? निवाड्याला बसलेली परिव्राजिका तोंडी वाद ऐकून घेत नाही. हे शास्त्र प्रयोगाचं, तेव्हा शिष्यांना नाचू द्या, असं तिचं म्हणणं. मग गणदासाची मालविका पुढे येते. ती मूळची विदर्भाची राजकन्या, म्हणजे आपल्याच मुलखातली. १९३९ साली मादाम मेनकांनी बॅलेसाठी हेच नाटक निवडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. नाच कोणाचा, कोणी करावा, या वादाला त्यांनीही आयुष्यभर नाचूनच उत्तर दिलं.

मेनका म्हणजे लीला सोखी. जन्म बारिसालचा, संसार मुंबईत. पती साहिबसिंग सोखी हाफकिन संस्थेचे संचालक. चांगल्या घरातल्या बाईनं कथक नाचणं लोकांना खपत नव्हतं, तो हा काळ. अ‍ॅना पाव्हलोवानं त्यांना उत्तेजन दिलं. पुढे त्यांचा संच युरोपभर फिरला, १९३६ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत गाजला. परतल्यावर १९३८ साली त्यांनी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खंडाळ्यात ‘नृत्यालयम’ काढलं. तिथे कथकबरोबर कथकली आणि मणिपुरीही शिकवत. शाळा फार वर्षं टिकली नाही.

कथकचा गतभाव जवळून पाहावा. एकच नर्तकी, ओठांशी मुरली धरलेले हात. ती पलटा घेते आणि तेच हात डोक्यावरची घागर सावरू लागतात. कृष्ण जाऊन राधा उभी राहते. पोशाख तोच, तबल्यावरचा ठेका तोच. हा खेळ मेनकाबाईंनी मोडला. कृष्ण एकीला, राधा दुसरीला, गोपी बाकीच्यांना. परंपरेतल्या माणसाला हे जड गेलं असणार. पण त्यामुळेच कथकला रंगमंचाची खोली मिळाली, नर्तकींचा मेळ आणि कथेचा बांधीव ओघ मिळाला, असं माझं मत आहे.

या संचात दमयंती जोशी नावाची मराठी मुलगी होती. सोखी दांपत्याला तिला दत्तक घ्यायचं होतं. आईनं लेक दिली नाही. तिला आई आणि मेनकाबाई, दोघींनी मिळून वाढवायचं ठरलं. मुंबईची ही पोर युरोपात नाचून आली. आणि मोठेपणी ती नावारूपाला आली ती एकल कथकसाठी! समूहात घडलेल्या मुलीनं सगळ्या भूमिका पुन्हा आपल्या एकटीच्या अंगावर घेतल्या. गुरूवर तिनं लिहिलेलं पुस्तक १९८९ साली संगीत नाटक अकादमीनं काढलं.

मेनकाबाई १९४७ साली गेल्या. त्याच वर्षी पुण्यात रोहिणी भाटे यांनी ‘नृत्यभारती’ सुरू केली. त्यांनीही पुढे कालिदास नाचात आणला, इसाडोरा डंकनचं आत्मचरित्र मराठीत आणलं. आज पुण्यातल्या किती घरांत मुलींचे घुंगरू खुंटीला टांगलेले असतात, आणि समूहरचना तर आता रंगमंचप्रवेशाइतकीच नेहमीची झाली आहे.

म्हणून वाटतं, या मुलींपैकी कोणीतरी ‘मालविकाग्निमित्र’ पुन्हा बसवावं. मेनकाबाईंची नक्कल नको. राजा, राण्या, भांडखोर आचार्य वेगवेगळ्या नर्तकांना द्यावेत. आणि परीक्षेचा प्रसंग आला, की मालविकेला एकटीला गतभाव करू द्यावा, सगळ्यांच्या देखत.